‘बफसाइझ शून्य करा’ने ओळी लवकर येत नाहीत

पायथनमधून चालवलेल्या दुसऱ्या प्रोग्रामच्या ओळी वेळेवर मिळाल्या नाहीत, की ‘पोपेनला बफसाइझ शून्य दे’ हा सल्ला ठरलेला. पोपेन म्हणजे पायथनमधून दुसरा प्रोग्राम चालवायचं साधन, बफसाइझ म्हणजे त्याच्या बफरचा, तात्पुरत्या साठ्याचा आकार. म्हापसा-फोंड्याकडची पोरं प्रोजेक्टात तो डोळे झाकून चिकटवतात. फरक काहीच पडत नाही.

समजा, रायबंदर-चोडण फेरीची नोंद दर सेकंदाला एक ओळ अशी छापणारी पायथन स्क्रिप्ट आहे. टर्मिनलवर ओळी टपाटप पडतात. पाइपमधून, म्हणजे एका प्रोग्रामचं आउटपुट दुसऱ्याला देणाऱ्या वाटेने वाचा, तर बराच वेळ सामसूम आणि मग एकदम गठ्ठा! कारण समोर टर्मिनल नाही हे ती स्क्रिप्ट चालवणारा पायथनच ओळखतो आणि आपला बफर भरेपर्यंत आउटपुट अडवून धरतो. बफसाइझ लागू होतो तो फक्त तुमच्या टोकाला. तिकडच्या साठ्याला तो हातही लावत नाही.

म्हणून इलाज तिकडेच. प्रिंटमध्ये ‘फ्लश’ (साठा लगेच पुढे ढकलणं) ट्रू ठेवा किंवा पायथनला ‘-यू’ (साठवू नको) लावून स्क्रिप्ट चालवा. सीमध्ये लिहिलेला परका प्रोग्राम असेल तर लिनक्सवर ‘एसटीडीबफ -ओएल’ ही दर ओळीला साठा सोडायला लावणारी कमांड बहुधा चालते. बहुधाच, कारण काही प्रोग्राम आपला बफर स्वतः सांभाळतात.

तुम्ही त्या प्रोग्रामला लिहून पाठवता तेव्हा मात्र बफर तुमचा असतो. तिथे हाच शून्य खरंच कामाला येतो, नाहीतर दर ओळीनंतर फ्लश करा.