विस्मृत पुस्तकाचा शोध : राजकीय हत्येवरील लेखन आणि नागपूर

एखाद्या राजकीय हत्येवर लेखकाने उमेदीच्या काळात लिहिलेले आणि पुढे जप्तीमुळे, भीतीमुळे किंवा खुद्द लेखकाच्याच संकोचामुळे नजरेआड झालेले पुस्तक हुडकून काढणे, ते कोणाचे व कितवी आवृत्ती हे ठरवणे आणि मग ते पुन्हा वाचकांपुढे ठेवणे, असे या शोधाचे स्वरूप आहे. हे काम विद्यापीठातल्या अभ्यासकांइतकेच ग्रंथसूचिकारांनी, ग्रंथपालांनी आणि जुन्या पुस्तकांच्या नादी लागलेल्या संग्राहकांनी केले आहे. नागपुरात त्याला वेगळा रंग येतो. हे शहर १८६१ पासून मध्य प्रांताची राजधानी होते आणि १९०३ मध्ये वऱ्हाडही त्याच कारभाराला जोडला गेला. त्यामुळे पुस्तके छापणारे छापखाने, ती नोंदवून घेणारे सरकारी खाते आणि ती जप्त करणारे पोलीस असे सगळे एकाच गावात होते. सरकारने पुस्तके नाहीशी केली, पण नाहीशी केल्याची कागदपत्रे मात्र जपून ठेवली. म्हणून येथे बहुतेक वेळा पुस्तक सापडण्याआधी त्याच्या जप्तीचा हुकूम सापडतो.

अशी पुस्तके का हरवतात

पहिले कारण कायदा. ३० एप्रिल १९०८ रोजी मुजफ्फरपूरला बॉम्ब फुटला. तो न्यायाधीश किंग्जफर्डसाठी होता, बळी मात्र केनेडी मायलेकी पडल्या. या घटनेवर लिहिणाऱ्यांवर सरकारने लगेच हात टाकला. टिळकांना ‘केसरी’तील लेखांबद्दल सहा वर्षांची शिक्षा झाली. त्याच वर्षी नागपुरातही ‘देशसेवक’चे संपादक अच्युत बळवंत कोल्हटकर राजद्रोहाच्या खटल्यात सापडून तुरुंगात गेले आणि ‘हिंदी केसरी’ चालवणारे माधवराव सप्रे पकडले गेले. कोल्हटकर पुढे मुंबईत ‘संदेश’कार म्हणून इतके गाजले की त्यांचा नागपूरचा काळ चरित्रात दोन-चार ओळींत उरकला जातो. लेखकाच्या सुरुवातीच्या लेखनाची अशी परवड होण्यासाठी त्याने विस्मृतीतच जायला हवे असे नाही. मोठे नाव झाले तरी जुने लेखन त्याखाली गाडले जाते.

१९१० च्या मुद्रण कायद्याने छापखान्यांकडून अनामत रक्कम मागण्याची आणि ती सरकारजमा करण्याची सोय केली. लेखक एक वेळ तुरुंगात जायला तयार असे, पण छापखान्याच्या मालकाला अनामतीची काळजी असे. छापलेले फर्मे त्यानेच भट्टीत टाकले तर त्याला दोष देणे कठीण आहे. १९३१ चा आणीबाणीचा मुद्रण कायदा याही पुढे गेला. खुनाला चिथावणी देणारा मजकूर तर त्याच्या कक्षेत होताच, शिवाय असा गुन्हा करणाऱ्याविषयी प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष कौतुक दाखवणारा मजकूरही होता, आणि तो गुन्हेगार खरा असो की काल्पनिक, कायद्याला फरक पडत नव्हता. म्हणजे कादंबरीतल्या क्रांतिकारकाची तारीफही छापखान्याला महागात पडू शकत होती. या काळातल्या अनेक पुस्तिका टोपणनावाने, मुद्रकाच्या नावाशिवाय किंवा भलत्याच गावाचे नाव टाकून निघाल्या, त्याचे मूळ इथे आहे.

स्वातंत्र्यानंतर कायद्याची ही धार बोथट झाली, पण गेली नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेतले ९९-अ हे जप्तीचे कलम तसेच राहिले. गोपाळ गोडसे यांचे ‘गांधीहत्या आणि मी’ हे पुस्तक १९६७ मध्ये निघाले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्याच कलमाखाली जप्त झाले. १९६९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या विशेष पीठाने तो हुकूम रद्द केला. हे उदाहरण सगळ्यांना ठाऊक असते. मात्र न्यायालयात जाऊन बंदी उठवून आणलेले पुस्तक हा अपवाद असतो. बाकीच्या जप्त पुस्तकांच्या लेखकांकडे ना वकील होता ना पैसा, आणि दाद मागण्याची मुदत अवघी दोन महिन्यांची होती.

दुसरे कारण भीती, आणि नागपूरपुरते बोलायचे तर ते कायद्याहून मोठे आहे. ३० जानेवारी १९४८ ला दिल्लीत महात्मा गांधींची हत्या झाली. मारेकरी मराठी, ब्राह्मण आणि हिंदुत्ववादी गोटातला निघाल्यावर नागपूर, विदर्भ आणि पश्चिम महाराष्ट्रात दंगली उसळल्या. घरे आणि छापखाने जळले. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे मुख्यालय नागपुरात असल्याने अटकसत्राची झळही शहराला बसली. ४ फेब्रुवारीला संघावर बंदी आली आणि ती जुलै १९४९ पर्यंत राहिली. घराघरांतली कपाटे त्या काळात कशी रिकामी झाली असतील, याचा अंदाज करता येतो. जमावाने जाळले ते वेगळे, आणि झडतीच्या धाकाने घरच्यांनीच चुलीत घातले ते वेगळे. दुसऱ्या प्रकाराची नोंद कोणत्याच दप्तरात नसते. ‘तरुण भारत’चे संपादक ग. त्र्यं. माडखोलकर यांनी या उद्रेकाच्या काळातले अनुभव ‘एका निर्वासिताची कहाणी’ (१९४९) या पुस्तकात लिहिले. माडखोलकर विस्मृतीत गेलेले नाहीत. त्यांच्या कादंबऱ्यांवर आजही प्रबंध होतात. हे पुस्तक मात्र त्या प्रबंधांच्या परिशिष्टातच राहते, आणि हत्येनंतरच्या नागपूरचा अभ्यास करणाऱ्याने आधी तेच उघडायला हवे.

तिसरे कारण लेखक स्वतः. पंचविशीत आवेशाने लिहिलेले पुस्तक पन्नाशीत अडचणीचे वाटते. मग ते ‘लेखकाची इतर पुस्तके’ या यादीतून गळते, सत्कार समारंभातल्या परिचयातून गळते आणि मुलांच्याही आठवणीत राहत नाही. अशी पुस्तके सर्वांत अवघड, कारण ती कोणी जप्त केलेली नसतात आणि म्हणून त्यांचा हुकूमही सापडत नाही.

शोधाची साधने

मराठी पुस्तकाच्या शोधाची पहिली पायरी शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’. तिचा पहिला खंड १८०० ते १९३७ या काळातील ग्रंथांचा असून तो १९४३ मध्ये निघाला, तर १९३८ ते १९५० चा दुसरा खंड १९६१ मध्ये. दात्यांनी पुस्तके प्रत्यक्ष पाहून नोंदवण्याचा आग्रह धरला, त्यामुळे त्यांच्या नोंदीवर विसंबता येते. जे पुस्तक जप्त होऊन ग्रंथालयातून हलले होते ते मात्र त्यांच्याही हाती लागणे कठीण होते. तेव्हा सूचीत नाव नाही म्हणून पुस्तक निघालेच नाही, असा निष्कर्ष काढू नये.

दुसरे साधन सरकारी आहे आणि फार कमी वापरले जाते. १८६७ च्या मुद्रणालये व पुस्तक नोंदणी कायद्यानुसार छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत सरकारला द्यावी लागे आणि दर तीन महिन्यांनी प्रांताच्या राजपत्रात त्यांची यादी निघे. तिच्यात लेखक, मुद्रक, छापण्याचे ठिकाण, पाने, आवृत्ती, किंमत आणि किती प्रती छापल्या हेही असे. पुस्तक जगले नाही तरी त्याच्या पाचशे प्रती निघाल्या की दोन हजार, हे कळते. पुस्तकाचा प्रसार मोठा होता असे पुढे कोणी ठासून सांगू लागले, तर प्रतींच्या या आकड्याशी ते ताडून पाहता येते. मध्य प्रांताच्या अशा याद्या नागपूरच्या राजपत्रात येत. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात गेला, नागपूरचे राजधानीपण संपले, आणि तेव्हापासून जुन्या प्रांताच्या कागदांसाठी नागपूर आणि भोपाळ अशा दोन्हीकडे खेटे घालावे लागतात.

जप्त पुस्तकांच्या प्रती दिल्लीचे राष्ट्रीय अभिलेखागार आणि लंडनची ब्रिटिश लायब्ररी येथे बऱ्याच प्रमाणात शिल्लक आहेत. जप्त केलेल्या मालातली एखादी प्रत लंडनला पाठवण्याची कंपनी सरकारच्या वारसदारांची सवय आज आपल्या कामी येते. या संग्रहाची छापील सूची १९८५ मध्ये निघाली असून तिच्यात मराठी पुस्तिकाही आहेत.

गावातली साधने वेगळी. विदर्भ साहित्य संघ (स्थापना १९२३), त्याच वर्षी सुरू झालेल्या नागपूर विद्यापीठाचे ग्रंथालय आणि महाल, धंतोली, बर्डी (सीताबर्डी) भागांतली जुनी सार्वजनिक वाचनालये येथे पुस्तकाआधी दाखल नोंदवही मागावी. तिच्यात पुस्तक कधी आले, कोणी दिले, केवढ्याला घेतले आणि कधी ‘बाद’ झाले हे ओळीने लिहिलेले असते. लाल शाईने बाद केलेल्या नोंदी पाहून काही वेळा पुस्तक पोलिसांनी नेले की वाळवीने, याचाही सुगावा लागतो. निर्लेखन झालेली, म्हणजे अशी बाद केलेली पुस्तके रद्दीच्या भावाने बाहेर पडतात आणि बर्डीच्या जुन्या पुस्तकवाल्यांकडे येतात. हे विक्रेते पुस्तक वाचत नसले तरी पुस्तक कोणत्या वाड्यातून आले हे त्यांच्या लक्षात असते, आणि शोध घेणाऱ्याला हीच माहिती किमतीहून महत्त्वाची. घासाघीस जरूर करावी, पण आधी पुस्तक कुठून आले ते विचारून घ्यावे.

डिजिटल संग्रहांनी काम सोपे केले आहे आणि त्याच वेळी गोंधळही वाढवला आहे. ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ या उपक्रमात हजारो मराठी पुस्तके स्कॅन झाली, परंतु त्यांची नावे रोमन लिपीत आणि बऱ्याचदा चुकीच्या स्पेलिंगने नोंदली गेली. लेखकाच्या नावाने काही मिळाले नाही तर छापखान्याच्या नावाने, शहराच्या नावाने, नुसत्या वर्षाने शोधावे. जुन्या पुस्तकावर शके असेल तर त्यात ७८ मिळवून इसवी सन काढावा. शक वर्षाच्या शेवटचे, म्हणजे जानेवारीपासून चैत्रापूर्वीपर्यंतचे महिने असतील तर ७९.

कागदाचाही विचार करावा लागतो. दुसऱ्या महायुद्धात आणि त्यानंतर काही वर्षे कागदावर नियंत्रण होते. मिळेल त्या हलक्या कागदावर पुस्तके निघाली. नागपूरच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात हा आम्लयुक्त कागद पापडासारखा तुटतो. गांधीहत्येनंतर लगेच निघालेल्या पुस्तिका नेमक्या याच कागदावरच्या आहेत. पान उलटण्यापूर्वी फोटो काढून घेणे शहाणपणाचे.

साक्ष म्हणून असे पुस्तक

हत्येनंतर लवकर लिहिलेले पुस्तक सापडले की शोधकाला ते सत्याच्या जवळचे वाटू लागते. नागपूरच्याच इतिहासातली एक हत्या या समजुतीला आवर घालते.

दुसरे रघूजी भोसले १८१६ मध्ये वारले आणि गादी त्यांचा दुबळा मुलगा परसोजी याच्याकडे आली. कारभार हाती घेतलेले चुलतभाऊ अप्पासाहेब यांनी इंग्रजांशी तैनाती फौजेचा करार केला. १८१७ च्या फेब्रुवारीच्या आरंभी परसोजी बिछान्यात मृत आढळला. अप्पासाहेब तेव्हा चांद्याकडे (आजचे चंद्रपूर) गेलेले होते. मृत्यूचा फारसा बभ्रा झाला नाही आणि अप्पासाहेब गादीवर बसले. इंग्रज रेसिडेंट जेंकिन्स याने त्यांना राजा म्हणून मानले. नोव्हेंबरात सीताबर्डीची लढाई झाली, अप्पासाहेब हरले, आणि १८१८ मध्ये त्यांना गादीवरून दूर करताना परसोजीच्या खुनाचा आरोप पुढे आला. अप्पासाहेब कैदेतून निसटले, महादेवाच्या डोंगरात गेले आणि शेवटी १८४० मध्ये जोधपूरला वारले.

खून झाला हे बहुतेक इतिहासकारांना मान्य आहे. प्रश्न तो नाही. खुनाची पहिली कागदोपत्री मांडणी ज्याने केली त्या जेंकिन्सलाच तो खून सिद्ध होण्यात लाभ होता आणि वर्षभरापूर्वी त्यानेच आरोपीला राजा मानले होते, हे वाचणाऱ्याच्या ध्यानात राहायला हवे. जेंकिन्सचा अहवाल १८२७ मध्ये प्रसिद्ध झाला. मराठीत काशीराव राजेश्वर गुप्ते यांची नागपूरकर भोसल्यांची बखर आहे. ती छापून वाचकांपुढे यायला मात्र विसाव्या शतकातले या. मा. काळे लागले. वऱ्हाडचा (१९२४) आणि नागपूर प्रांताचा (१९३४) इतिहास लिहिणाऱ्या काळ्यांनी अशी जुनी साधने बाहेर काढली नसती, तर परसोजीचे प्रकरण इंग्रजी दप्तराच्या नजरेनेच वाचले गेले असते. विस्मृत पुस्तकाच्या शोधाचा उपयोग कोणता असे विचारणाऱ्याला हे एक उदाहरण पुरे.

याच्या उलट टोकाचे उदाहरण पुण्याचे. २२ जून १८९७ ला प्लेगचा अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडणारे दामोदर चापेकर १८ एप्रिल १८९८ ला फासावर गेले. त्यांनी कोठडीत लिहिलेले आत्मवृत्त सरकारी दप्तरात पडून राहिले आणि वि. गो. खोबरेकर यांच्या संपादनाखाली १९७४ मध्ये मराठीत प्रसिद्ध झाले. मधल्या पाऊणशे वर्षांत चापेकरांवर जे लिहिले गेले त्यातले बरेचसे त्यांच्या स्वतःच्या मराठी मजकुरावाचून लिहिले गेले, आणि पुढच्या लेखकांनी एकमेकांचीच विधाने उचलली. शिवाय कैद्याने तुरुंगात लिहिलेला मजकूर पोलिसांच्या नजरेखालून गेलेला असतो, हे विसरून चालत नाही.

आवृत्त्यांची तुलना म्हणूनच अटळ ठरते. हत्येवरील पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीत प्रस्तावना बदलते, अर्पणपत्रिका गळते, एखादे प्रकरण ‘जागेअभावी’ वगळले जाते. लेखकाची खरी भूमिका पुष्कळदा या वगळलेल्या पानांत असते. फक्त शेवटची आवृत्ती पाहून ‘लेखकाने पूर्वीच असे म्हटले होते’ किंवा ‘म्हटले नव्हते’ असे लिहिणारे लेख दिवाळी अंकांत दरवर्षी येतात. ते बेभरवशाचे असतात.

पुन्हा छापताना

सापडलेले पुस्तक लगेच छापता येईलच असे नाही. १९५७ च्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क राहतात. ही मुदत १९९२ पूर्वी ५० वर्षांची होती. टोपणनावाने निघालेल्या पुस्तकाची गणना प्रकाशनवर्षापासून होते. १९४९ मध्ये टोपणनावाने निघालेले पुस्तक त्यामुळे १ जानेवारी २०१० पासून खुले झाले, मात्र दरम्यान लेखकाचे खरे नाव जाहीर झालेले नसेल तरच. मुदत संपण्याआधी नाव उघड झाले असेल तर हिशेब पुन्हा लेखकाच्या मृत्यूपासून सुरू होतो आणि वारसांची परवानगी लागते. म्हणून टोपणनावामागचा माणूस शोधणाऱ्याने ते नाव याआधी कोणी, कोणत्या वर्षी आणि कुठे छापले होते, हेही नोंदवून ठेवावे लागते.