पट्टा एकच, मळमळ दोन

गाडी लागून मळमळू नये म्हणून घाट चढायच्या आधी मनगटावर मणी लावलेला लवचिक पट्टा चढवणारे आता आपल्याकडेही दिसतात. मालवणहून सिंधुदुर्ग किल्ल्याला जाताना समुद्र जरा खवळलेला असला की बोटीतही कुणी तरी तो शोधतंच. मग घरात कुणाचं ऑपरेशन ठरलं की तोच पट्टा पिशवीत जातो. घाटात चालतो, तर भुलीनंतरही चालेल, असा साधा हिशोब.

हिशोब उलटा आहे. मनगटाजवळच्या ज्या जागेवर हा मणी दाबतो, तिचा भुलीनंतरच्या मळमळीत उपयोग होतो, याला बऱ्यापैकी आधार आहे. ज्या गाडी लागण्यासाठी पट्टा विकला जातो, तिथेच तो कमजोर पडतो. तिथल्या प्रयोगांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत.

गाडी किंवा बोट लागते ती कानामुळे. आतल्या कानातली तोल सांभाळणारी रचना सांगते की आपण हलतोय, आणि डोळे मोबाईलवर खिळलेले असतात. हा गोंधळ मेंदूला झेपत नाही. आंबा घाटात गाडी थांबवून बाहेर उभं राहिलं, लांबवर बघितलं, की बहुतेकांना थोड्या वेळात बरं वाटतं.

भुलीनंतरची मळमळ अशी थांबत नाही, कारण तिचं कारण रक्तात असतं: श्वासातून दिलेली भुलीची औषधं आणि वेदना कमी करायला दिलेली मॉर्फीनच्या जातीची औषधं. मेंदूतली उलटीची यंत्रणा त्यांनी जागी होते. ऑपरेशन झालेल्यांपैकी साधारण तीस टक्के लोकांना पहिल्या चोवीस तासांत हा त्रास होतो; जोखीम जास्त असलेल्यांत प्रमाण ऐंशी टक्क्यांपर्यंत जातं. औषधंही म्हणूनच वेगळी. एसटीत बसण्याआधी घेतली जाणारी एव्होमिन कानाकडून येणारा गोंधळ शांत करते. भुलीनंतर सर्रास दिलं जाणारं ऑन्डॅनसेट्रॉन प्रवासाच्या मळमळीत फारसं कामाचं नाही.

तरी या दोन मळमळींमध्ये एक धागा आहे, आणि माझ्या मते या सगळ्यात तोच सर्वात उपयोगाचा. १९९९ साली आप्फेल या भूलतज्ज्ञाने चार प्रश्नांचा एक ठोकताळा मांडला. रुग्ण बाई आहे का? धूम्रपान करत नाही ना? (हो, या एका बाबतीत सिगारेट ओढणारा फायद्यात असतो; म्हणून कुणी सुरू करू नये.) आधी भुलीनंतर उलट्या झाल्या होत्या का, किंवा गाडी लागते का? ऑपरेशननंतर मॉर्फीनसारखी औषधं लागणार आहेत का? चारही उत्तरं ‘हो’ आली तर धोका ऐंशी टक्क्यांच्या आसपास. तेव्हा भूलतज्ज्ञ तपासायला येतात तेव्हा ‘मला गाडी लागते’ हे सांगायला लाजू नका. आपल्या बायका हे हमखास गिळून टाकतात. ‘त्यात काय सांगायचं’ म्हणून.

आता मणी दाबायची ती जागा. चिनी पद्धतीत तिला नेइग्वान म्हणतात, दवाखान्याच्या भाषेत पी-सिक्स. तळहात वर करा. मनगटाच्या घडीपासून कोपराच्या दिशेला स्वतःची तीन बोटं आडवी ठेवा, आणि तिसऱ्या बोटाच्या कडेला दोन शिरांसारख्या दोऱ्यांच्या मधोमध दाबा. बोटं रुग्णाची मोजायची, मुलाची किंवा नर्सची नाहीत. पट्ट्याचा मणी घडीवरच बसला असेल तर तो नुसता दागिना.

बेलफास्टचे भूलतज्ज्ञ जॉन डंडी यांनी १९८० च्या दशकात इथे सुई टोचून उलट्या कमी होतात का, हे तपासायला सुरुवात केली. पुढे त्यांनी ती जागाच इंजेक्शनने बधिर करून पाहिली, तर परिणाम नाहीसा झाला. म्हणजे काम त्या जागेच्या संवेदनेतून होतं, असा अर्थ लागतो. कॉक्रेन ही संस्था एका विषयावरचे प्रयोग एकत्र तपासते; तिच्या २०१५ च्या आढाव्यात ५९ प्रयोग आणि ७,६६७ रुग्ण होते. खोट्या उपचाराशी तुलना करता मळमळ साधारण एक तृतीयांशाने, तर उलट्या चाळीस टक्क्यांनी कमी झाल्या. मात्र पुराव्याचा दर्जा फार वरचा नव्हता. उलटीच्या औषधांशी थेट तुलनेत ठळक फरक दिसला नाही; औषधासोबत वापरल्यावर उलट्या आणखी घटल्या, मळमळीबद्दल मात्र तसं म्हणता आलं नाही. या प्रयोगांत सुई, विजेचा हलका झटका, पट्टा असं सगळंच होतं, म्हणून सगळं श्रेय दुकानातल्या पट्ट्याला देऊ नका. औषध बंद करून त्यावर भिस्त ठेवायचं कारणही नाही.

वापरायचा असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. ज्या हाताला सलाईन आहे, डायलिसिसचा फिस्टुला (त्यासाठी मुद्दाम जोडलेली रक्तवाहिनी) आहे किंवा काखेतल्या गाठी काढल्या आहेत, त्या हाताला नको. हाताला सूज आली किंवा बोटं बधिर वाटली तर काढून ठेवा. आणि ऑपरेशनच्या सकाळी मळमळ नको म्हणून आल्याचा तुकडा किंवा आवळासुपारी तोंडात टाकू नका. उपाशी म्हणजे उपाशी.

खरी गल्लत होते डिस्चार्जनंतर. कोल्हापुरात पित्ताशयाचं दुर्बिणीतून ऑपरेशन करून माणूस करूळ घाटाने सिंधुदुर्गात घरी येतो आणि वाटेत ओकतो. घाटामुळे असेल तर घरी टेकल्यावर तासा-दोन तासांत थांबायला हवं. घरी येऊनही उलट्या चालूच राहिल्या, पोट फुगलं, वारा सरत नाही किंवा ताप आला, तर ‘घाट लागला’ म्हणत पट्टा घट्ट करत बसू नका. ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना त्याच रात्री फोन करा. सकाळच्या एसटीची वाट बघू नका.