सुलोचना (स्त्रीनाम)

सुलोचना हे संस्कृतातून मराठीत जसेच्या तसे आलेले स्त्रीनाम. ‘लोचन’ म्हणजे डोळा. सुंदर आहेत लोचने जिची ती सुलोचना, असा बहुव्रीही समास. सुनयना, सुनेत्रा, मीनाक्षी ही याच घराण्यातली नावे. नावातला ‘च’ ‘चंद्र’मधल्यासारखा उच्चारतात, ‘चमचा’मधल्यासारखा नाही.

पुराणकथेत सुलोचना ही शेषाची कन्या आणि इंद्रजिताची पत्नी. वाल्मीकी रामायणात तिचे नाव येत नाही. तिची कथा नंतरच्या परंपरेतली. इंद्रजिताचा तुटलेला हात तिच्या अंगणात येऊन पडतो आणि घडलेली हकीकत लिहून दाखवतो, हा त्यातला सर्वांत करुण प्रसंग. शत्रुपक्षातल्या स्त्रीलाही सती म्हणून मान देणारी ही कथा लोकांच्या मनात घर करून राहिली.

मुंबईत मात्र या नावाला वेगळेच तेज चढले ते सिनेमामुळे. पुण्यात 1907 साली बगदादी ज्यू कुटुंबात जन्मलेल्या रुबी मायर्स टेलिफोन ऑपरेटरची नोकरी सोडून मूकपटांत आल्या आणि ‘सुलोचना’ झाल्या. 1927च्या ‘वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे’मध्ये त्यांनी आठ भूमिका केल्या. 1973चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. पुढे भालजी पेंढारकरांनी रंगू नावाच्या मुलीचे बोलके डोळे पाहून तिचे नाव सुलोचना ठेवले. त्याच सुलोचना लाटकर, मराठी-हिंदी पडद्यावरची सोशिक आई, साऱ्यांच्या सुलोचनादीदी. 4 जून 2023 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. नाव अर्थाला इतके चपखल बसल्याचे दुसरे उदाहरण शोधावे लागेल.

तिसऱ्या सुलोचना गिरगावच्या. 1933 साली जन्मलेल्या सुलोचना कदम, लग्नानंतर चव्हाण, यांना आचार्य अत्रे यांनी ‘लावणीसम्राज्ञी’ म्हटले. डोक्यावरून पदर घेऊन, एका जागी उभे राहून त्या ठसकेबाज लावणी म्हणत. सगळी अदा गळ्यात. घरंदाज श्रोत्यांपर्यंत लावणी नेण्यात त्यांचा वाटा फार मोठा आहे, तो नीट सांगितला जायला हवा. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी 10 डिसेंबरला त्या गेल्या.

मुलीला हे नाव बारशाला ठेवत, तसे सुनेलाही. लग्नात लक्ष्मीपूजनाच्या वेळी ताटात तांदूळ पसरून नवरदेव त्यावर अंगठीने बायकोचे नवे नाव लिहितो. त्यामुळे माहेरची एखादी गंगू सासरी सुलोचना होई. सुलोचनाबाई हे झाले कागदोपत्री. दादर-लालबागच्या चाळींत तिला सुलू, सुली, सुलूमावशी अशीच हाक बसे. सुलभाचेही लाडके रूप सुलूच, म्हणून एका मजल्यावर दोघी असल्या की खोलीचा नंबर किंवा नवऱ्याचे नाव जोडून ओळख पटवावी लागे. आज हे नाव आजीच्या पिढीत जास्त भेटते. नव्या बाळांसाठी त्याच अर्थाचे सुनेत्रा किंवा सुनयना निवडणारे आईबाप अजून आहेत.