जानेवारी 1965 ची रेघ : व्हिंटेज गिटारच्या दुकानातील ‘प्री-सीबीएस’ या शब्दाची पार्श्वभूमी

लंडनमधील डेन्मार्क स्ट्रीट असो, टोकियोतील ओचानोमिझू असो किंवा अमेरिकेतील नॅशव्हिल असो, व्हिंटेज गिटारच्या दुकानात हौसेने शिरणाऱ्या माणसाला पहिले कोडे पडते ते किमतींच्या चिठ्ठ्यांपाशी. भिंतीवर फेंडर कंपनीच्या दोन स्ट्रॅटोकास्टर, म्हणजे इलेक्ट्रिक गिटारी, शेजारी टांगलेल्या असतात. दोघींचा घाट तोच, रंग जवळपास तोच, वयातले अंतर जेमतेम दोन वर्षांचे. तरीही एकीचा भाव दुसरीच्या कितीतरी पुढे असतो आणि महाग गिटारीच्या चिठ्ठीवर ‘प्री-सीबीएस’, म्हणजे सीबीएस कंपनीच्या आधीची, हा शब्द लिहिलेला असतो. या एका शब्दाने जुन्या गिटारींच्या बाजाराला गेली पन्नास वर्षे वळण दिले आहे. त्याचा अर्थ मात्र चिठ्ठीवर दिसतो तितका सरळ नाही.

जुन्या गिटारींना मोल येण्याची सुरुवात अकूस्टिक, म्हणजे विजेविना वाजणाऱ्या, वाद्यांपासून झाली. मार्टिन कंपनीच्या दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या गिटारी, विशेषतः 1933 ते 1942 या काळात अवघ्या 91 बनलेल्या डी-45, साठच्या दशकातील लोकसंगीताच्या लाटेत जाणकार वादक शोधू लागले होते. इलेक्ट्रिक गिटारी तोवर केवळ ‘वापरलेल्या’ होत्या. गिब्सन कंपनीच्या सनबर्स्ट रंगाच्या लेस पॉल या गिटारीची गोष्ट याबाबत बोलकी आहे. नवी असताना अडीचशे डॉलरांच्या आसपास मिळणारी ही गिटार पुरेशी खपत नव्हती, म्हणून 1958 ते 1960 एवढ्याच काळात निघाली आणि मग तिचा घाटच बदलण्यात आला. 1966 मध्ये लंडनच्या एका तरुण ब्लूज वादकाने तिचा जाड, तापलेला आवाज एका ध्वनिमुद्रिकेवर ऐकवला आणि युरोप-अमेरिकेतील वादक त्या बंद झालेल्या गिटारीच्या मागे लागले. त्या वादकाची स्वतःची गिटार त्याच वर्षी चोरीला गेली. मागणी एवढी वाढली की 1968 मध्ये कारखान्याला लेस पॉल पुन्हा सुरू करावी लागली. तोवर जुनी ती चांगली, हा समज वादकांत रुजला होता, आणि सत्तरच्या दशकात केवळ जुन्या वाद्यांचा व्यापार करणारी दुकाने याच समजावर उभी राहिली.

फेंडरच्या बाबतीत या समजाला एक नेमकी तारीख मिळाली. जानेवारी 1965 मध्ये सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीने कॅलिफोर्नियातील फुलर्टनचा हा उद्योग सुमारे 1 कोटी 30 लाख डॉलरांना विकत घेतला. त्याआधीच्या गिटारी हातच्या, मायेने केलेल्या, आणि त्यानंतरच्या हिशेबनीसांनी केलेल्या, अशी मांडणी पुढे रूढ झाली. तिच्यात तथ्य आहे, पण ते उशिराचे आहे. 1968 च्या सुमारास लाकडावरच्या पातळ नायट्रोसेल्युलोज लॅकरच्या थराची जागा जाड पॉलिएस्टरने घेतली. 1971 मध्ये स्ट्रॅटोकास्टरची नेक (दांडा) बॉडीला (धडाला) चारऐवजी तीन स्क्रूंनी जोडली जाऊ लागली आणि ढिल्या सांध्यांच्या तक्रारी वाढल्या. सत्तरच्या दशकात बॉडीही जड होत गेली. हे सारे बदल मालकी बदलल्यानंतर तीन ते दहा वर्षांनी घडले. जानेवारी 1965 च्या त्या आठवड्यात कारखान्यातले कारागीर तेच होते, साचे तेच होते आणि फळीवर रचून ठेवलेल्या नेकही आधीच्याच होत्या.

याउलट, आज ज्या खुणांवरून काळ ठरवला जातो त्यांपैकी अनेक कंपनीच्या विक्रीच्या आधीच बदलू लागल्या होत्या. हेडस्टॉकवरचे, म्हणजे नेकच्या टोकावरचे, बारीक सोनेरी अक्षरांचे नाव 1964 च्या मध्यास ठसठशीत झाले. फिंगरबोर्डवरचे, म्हणजे नेकवर बोटे टेकतात त्या पट्टीवरचे, मातकट ठिपके जाऊन मोतिया चमकीचे ठिपके आले ते 1964 च्या अखेरीस. हेडस्टॉक मोठा झाला तो मात्र 1965 सरता सरता. म्हणजे 1965 च्या उन्हाळ्यातली गिटार रूपाने आणि बांधणीने ‘आधीची’ असूनही कागदोपत्री ‘नंतरची’ ठरते. दुकानदारांनी अशा वाद्यांसाठी ‘ट्रान्झिशन’, म्हणजे संक्रमणकाळातली, हा शब्द काढला, पण त्याने गुंता सुटला नाही, कारण कोणी हा काळ 1964 पासून मोजतो, तर कोणी विक्रीच्या तारखेपासून.

गुंता आणखी वाढतो तो तारखांच्या पुराव्यामुळे. चार स्क्रू काढून नेक बॉडीपासून सुटी केली की तिच्या टाचेवर 1962 नंतरच्या गिटारींत रबरी शिक्का दिसतो, उदाहरणार्थ ‘2 एनओव्ही 64 बी’. नवखा माणूस हे 2 नोव्हेंबर असे वाचतो. प्रत्यक्षात सुरुवातीचा 2 हा स्ट्रॅटोकास्टरचा सांकेतिक आकडा आहे आणि शेवटचे ‘बी’ नटची, म्हणजे नेकच्या टोकाशी तारा टेकतात त्या पट्टीची, रुंदी सांगते. तारखेचा भाग केवळ महिना आणि साल इतकाच. तोही नेकचा आहे, पूर्ण गिटारीचा नाही, कारण नेक तयार होऊन पडून राही आणि गरजेप्रमाणे उचलली जाई. आवाज कमी-जास्त करणाऱ्या पॉटवर निर्मात्याचा संकेत, साल आणि आठवडा कोरलेला असतो. त्यावरून गिटार कोणत्या तारखेच्या आधीची नाही एवढेच कळते. 1966 मध्ये कारखान्याने अशा पॉटचा मोठा साठा एकदम घेतला होता, त्यामुळे 1969 पर्यंतच्या गिटारींतही 1966 चेच पॉट सापडतात. नेक नोव्हेंबरची, पॉट त्याआधीचे आणि जोडणी कदाचित पुढच्या फेब्रुवारीची, अशी गिटार रेघेच्या कोणत्या बाजूला ठेवायची, याचे उत्तर लाकडात मिळत नाही. ते दुकानदार देतो, आणि ते देण्यात त्याचा हितसंबंध असतो.

माझ्या मते ही रेघ व्यापाराच्या सोयीची आहे. संगीताने ती कधीच मानली नाही. 1969 मध्ये वुडस्टॉक संगीत महोत्सवाच्या रंगमंचावर सकाळच्या उजेडात अमेरिकेचे राष्ट्रगीत वाजले ते 1968 च्या पांढऱ्या स्ट्रॅटोकास्टरवर, म्हणजे निखळ सीबीएसच्या काळातल्या वाद्यावर. लेस पॉल गमावलेल्या त्याच लंडनच्या वादकाने 1970 मध्ये नॅशव्हिलच्या एका दुकानातून पन्नासच्या दशकातील सहा स्ट्रॅटोकास्टर घेतल्या, तीन मित्रांना दिल्या आणि उरलेल्या तिघींचे उत्तम भाग काढून एक काळी गिटार जुळवली. ‘सर्व भाग मूळचे’ ही आजच्या दुकानांतील सर्वांत मोठी अट त्या गिटारीला लावली तर ती पहिल्याच तपासणीत बाद होईल. 2004 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात तिला 9,59,500 डॉलर मिळाले.

विशेष म्हणजे जुन्या घडणीच्या अधिकृत प्रतिकृती पहिल्यांदा सीबीएसच्याच अमलात निघाल्या. 1982 मध्ये 1957 आणि 1962 च्या नमुन्यांबरहुकूम गिटारी बाजारात आल्या, म्हणजे जुने अधिक चांगले होते हे खुद्द मालकांनीच मान्य केले. 1985 मध्ये कंपनीतील व्यवस्थापकांच्या गटाने उद्योग 1 कोटी 25 लाख डॉलरांना सोडवून घेतला; त्या व्यवहारात फुलर्टनची इमारत नव्हती. 1995 पासून मुद्दाम घासून, रंग उडवून जुन्या भासवलेल्या नव्या गिटारी निघू लागल्या. जुन्यांचे भाव मात्र चढतच राहिले, 2008 च्या आर्थिक संकटात कोसळले आणि पुढे सावरले.

भारतातून जाणाऱ्या हौशी ग्राहकाला या रेघेपेक्षा फिंगरबोर्डचे लाकूड अधिक अडवते. 1959 पासून साठच्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या स्ट्रॅटोकास्टरवर ब्राझीलचा शिसव आहे. धोक्यातील प्राणी आणि वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक परिशिष्टात हे झाड 1992 मध्ये गेले, आणि तेव्हापासून असे वाद्य विकत घेऊन सरहद्द ओलांडायची तर लाकूड त्याआधीचे असल्याचे प्रमाणपत्र लागते. कारखाने त्याच्या कितीतरी आधीपासून हळूहळू भारतीय शिसवाकडे वळले होते. मार्टिनने आपल्या अकूस्टिक गिटारींसाठी 1969 मध्ये हा बदल केला. आपल्या सह्याद्रीत वाढणारा, कोकणातल्या जुन्या वाड्यांच्या पलंगांना आणि झोपाळ्यांना लागलेला शिसव तो हाच. जानेवारी 2017 मध्ये शिसवाच्या साऱ्या जाती सरसकट दुसऱ्या परिशिष्टात घातल्या गेल्या, तेव्हा भारतीय शिसवाच्या वाद्यांच्या व्यापारालाही परवाने लागू लागले आणि गिटारींची देशोदेशीची ने-आण रखडली. नोव्हेंबर 2019 पासून तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. ब्राझीलच्या शिसवाला ती मिळाली नाही. त्यामुळे भिंतीवरच्या त्या दोन स्ट्रॅटोकास्टरांपैकी धाकटीचा फिंगरबोर्ड भारतीय शिसवाचा निघाला, तर ती या कराराच्या परवान्याशिवाय मुंबईला आणता येते. ‘प्री-सीबीएस’ चिठ्ठीची थोरली दुकानात बसून मनसोक्त वाजवता येते, पण प्रमाणपत्र हाती येईपर्यंत तिला तिथेच ठेवावे लागते.