होस्टेलमधलं भूत छातीवर का बसतं?

कॉलेजची दगडी इमारत शंभरी ओलांडलेली असली की होस्टेलमध्ये एखादी 'ती' खोली असतेच. सीनियर नव्या पोरांना पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवतात, "तिथं रात्री कुणीतरी छातीवर येऊन बसतं." कोण, तर कुणी मुंज्या म्हणतो, कुणी पूर्वी तिथंच गेलेला विद्यार्थी. त्या विद्यार्थ्याचं नावगाव सहसा कुणालाच सांगता येत नाही. छातीवरचं ओझं मात्र खरं असतं. ते सांगणाऱ्या पोराला भित्रा ठरवणं मला अन्यायाचं वाटतं.

डेव्हिड हफर्ड हे अमेरिकन लोकसाहित्य अभ्यासक. 1963 साली ते कॉलेजात शिकत असताना एका रात्री त्यांना जाग आली. दार उघडल्याचा आवाज झाला, पावलं जवळ आली, छातीवर काहीतरी चढलं. हात हलेना, तोंडातून आवाज फुटेना. बरीच वर्षं त्यांनी हे कुणालाच सांगितलं नाही. पुढे 1970च्या दशकात कॅनडातल्या न्यूफाउंडलंडमध्ये ते विद्यापीठात शिकवू लागले, तेव्हा रात्री छातीवर बसणाऱ्या म्हातारीच्या गोष्टी तिथं त्यांच्या कानावर आल्या. तपशील हुबेहूब तेच! त्यांनी विद्यार्थ्यांना विचारलं, तर सुमारे 23 टक्क्यांनी असं घडल्याचं सांगितलं. म्हातारीची गोष्ट कधीच न ऐकलेलेही तेच वर्णन करत होते. म्हणजे अनुभव आधीचा, भूत नंतरचं.

या अनुभवाला निद्रा-पक्षाघात म्हणतात. स्वप्नं पडतात त्या 'रेम' झोपेत मेंदू हातापायांचे स्नायू सैल सोडतो, नाहीतर स्वप्नात धावताना आपण खरोखरच पलंगावरून उडी मारू. कधीकधी जाग येते, डोळे उघडतात, खोली स्पष्ट दिसते, पण स्नायूंवरचं कुलूप निघालेलं नसतं आणि स्वप्नही थांबलेलं नसतं. बरगड्यांमधले स्नायूही सैलच असतात. श्वास चालतो तो मुख्यतः श्वासपटलावर, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूच्या पडद्यावर. अशा वेळी मुद्दाम खोल श्वास घ्यायला गेलं की तो येत नाही, आणि छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं. धोका ओळखणारा मेंदूचा भाग तर पूर्ण जागा असतो. कोपऱ्यातल्या शर्टाला तो माणूस ठरवतो.

हे होस्टेलमध्येच का जास्त? 2011 साली अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला हिशेब असा: सर्वसाधारण लोकांत आयुष्यात एकदा तरी हा अनुभव आलेले सुमारे 7.6 टक्के, विद्यार्थ्यांत 28.3 टक्के. सबमिशन, परीक्षा, पहाटेपर्यंत जागरण, दुपारी उताणं पडून काढलेली झोप, या सगळ्याने रेम झोपेचं वेळापत्रक विस्कटतं. एकाला त्रास झाला की खोलीचं नाव होतं, आणि पुढच्या वर्षीचा पोरगा तिथं धास्तीनेच आडवा होतो.

अशा खोलीच्या गोष्टीत कधी छपरातून येणारी किंकाळीही असते. ती पुष्कळदा गव्हाणी घुबडाची असते. पांढरा, बदामाच्या आकाराचा चेहरा, पंखांचा जराही आवाज नाही. जुन्या इमारतींचे कोनाडे त्याला फार आवडतात.

असं झालंच तर अंग जोर लावून सोडवायला जाऊ नका. हे काही सेकंदांत, फार तर काही मिनिटांत आपोआप सुटतं. पायाचं एखादं बोट हलवून पाहा, अनेकांना त्याने लवकर सुटका मिळते. कुशीवर झोपा, झोपेची वेळ पाळा. वारंवार होत असेल आणि दिवसाही झोप आवरत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा.