भिंतीतल्या फडताळांचे रंगकाम

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या सीमाभागातील घरांत भिंतीत बसवलेली फडताळे, माळ्याच्या फळ्या, खिडक्यांच्या चौकटी असे न हलणारे लाकूडकाम घरच्या घरी घासून, भरून रंगवण्याचे काम. सुट्या टेबलाला सगळ्या बाजूंनी रंग देता येतो. फडताळाची पाठ मात्र एकदा भिंतीला लागली की तिथे ब्रश पोचत नाही, आणि निम्म्या अडचणी तिथूनच सुरू होतात.

जिल्हा एक, हवा वेगळी. अथणीकडे कोरडे; खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे सह्याद्रीचा धोधो पाऊस. जांभ्या दगडाची भिंत सच्छिद्र, ती ओल धरते. ही ओल मागून लाकडात शिरते, पुढचा तैलरंग तिला बाहेर पडू देत नाही, मग रंगाला फोड येऊन पापुद्रे सुटतात. त्यावर नुसता नवा हात मारणे म्हणजे पैसे पाण्यात; आधी भिंतीची गळती बंद करावी. नवे फडताळ असेल तर बसवण्यापूर्वीच पाठीला आणि फळ्यांच्या कापलेल्या टोकांना प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) द्यावा, कारण लाकूड सर्वांत जास्त पाणी टोकांतून पिते. वाळवीचे औषध प्रायमरच्याही आधी. रंगावरून मारलेले आत मुरत नाही.

जुन्या फडताळाच्या कड्या, मुठी काढून स्वयंपाकघरातला तेलकट थर सोड्याच्या कोमट पाण्याने धुतात. हे घासण्याआधीच करायचे, नाहीतर तेल लाकडात चोळले जाते. फार खडबडीत लाकडाला 80 नंबरचा पॉलिश पेपर, मग 120, 180, शेवटी 220, तोही लाकडाच्या रेषांच्या दिशेने. जुना रंग कोरडा घासू नये. घरगुती रंगातील शिशावर दशलक्ष भागांत 90 भाग ही मर्यादा भारतात 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. त्याआधीच्या थरांत शिसे असू शकते. म्हणून वॉटर पेपर भिजवून घासावे, मुलांना दूर ठेवावे.

लांबी, म्हणजे भेगा-खड्डे बुजवायची पुट्टी, भरण्यापूर्वी प्रायमरचा एक हात हवा. कोरे लाकूड लांबीतले तेल शोषते आणि ती भुसभुशीत होऊन गळते. पूर्वी खडूची पूड अळशीच्या तेलात मळून लांबी घरीच करत. आता तयार डबा मिळतो. राळ सुटणाऱ्या गाठींवर स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडा लाख लावतात. चांगला साग असेल तर रंगाने झाकूच नये, पॉलिश करावे.

इनॅमलचे (तैलरंगाचे) दोन पातळ हात, मध्ये 320 चा हलका पेपर. जाड हात वरून वाळतो, आत ओलाच राहतो. हा रंग हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतो, त्यामुळे फडताळाची दारे लगेच लावली तर आतून कित्येक दिवस चिकट राहतो. गणपतीच्या तोंडावर रंग काढायची हौस सगळीकडे, पण भाद्रपदातली दमट हवा या कामाला सर्वांत वाईट. दिवाळीनंतर लाकूड सुकले की काम धरावे. पावसात अडकणारे दार पावसातच रंधून घेतले तर उन्हाळ्यात फट पडते.