लिलावात घेतलेल्या घरात जुने मालक राहत असतील तर ताबा कसा मिळतो?

मिरजेत किंवा सांगलीच्या विश्रामबागेत बँकेच्या ई-लिलावात फ्लॅट स्वस्तात दिसला, तर जाहिरातीतला ताब्याचा रकाना आधी वाचा. ‘प्रत्यक्ष ताबा’ म्हणजे किल्ल्या बँकेकडे. ‘सांकेतिक ताबा’ म्हणजे दारावर नोटीस चिकटवली, पेपरात छापली, पण आत कुटुंब राहतंच आहे. पैसे मात्र थांबत नाहीत: 25 टक्के त्याच दिवशी किंवा पुढच्या कामकाजाच्या दिवशी, उरलेले साधारण 15 दिवसांत. हप्ता आणि घरभाडं दोन्ही भरायची तयारी हवी.

घर रिकामं करून घ्यायचा अर्ज सरफेसी कायदा, 2002 (बँकांना कोर्टात दावा न करता तारण विकून कर्ज वसूल करू देणारा कायदा) च्या कलम 14 खाली होतो. तो खरेदीदाराला करता येत नाही. बँकेचा प्राधिकृत अधिकारी तो जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करतो. सेल सर्टिफिकेट (खरेदीदाराला मिळणारं विक्री प्रमाणपत्र) दिल्यानंतरही बँक हा अर्ज करू शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केलंय. म्हणून ‘घर आता तुमचं, तुम्हीच बघा’ असं शाखेत सांगितलं तर ऐकून परत येऊ नका. सेल सर्टिफिकेट, पैसे भरल्याच्या पावत्या आणि ओळखपत्राच्या प्रती जोडून लेखी मागणी द्या, आवक शिक्क्याची पोच घ्या. बँकेच्या अर्जाला कर्ज-तारणाची कागदपत्रं, 60 दिवसांची मागणी नोटीस व तिची पोच, ताबा नोटीस आणि शपथपत्र लागतं. शपथपत्र अपुरं असलं की फाईल तिथेच अडकते, तेव्हा दाखल अर्जाचा क्रमांक मागून घ्या.

अर्जावर आदेश देण्याची मुदत 30 दिवस, कारण नोंदवून 60 पर्यंत; प्रत्यक्षात जास्तही लागतात. मग नेमलेला अधिकारी पोलीस बंदोबस्तात येतो, सामानाची यादी व पंचनामा होतो, कुलूप बदलतं.

जुन्या मालकाला कारवाईविरुद्ध 45 दिवसांत पुण्याच्या कर्जवसुली न्यायाधिकरणात जाता येतं. स्थगिती आहे का, हे बोलीआधीच तपासा. गहाणाआधीचा वैध करार असलेला भाडेकरू असेल तर प्रकरण लांबतं.

स्वतः वीज-पाणी तोडणं, दाराला कुलूप घालणं अजिबात नको; गुन्हा तुमच्यावर दाखल होईल. शिवाय समोरच्याचं घर जातंय. मुलांची परीक्षा होईपर्यंत मुदत आणि टेम्पोचं भाडं देऊ केलं, तर पुष्कळदा किल्ली हातात मिळते. ठरलेलं बँकेसमोर लेखी घ्या.

लिलाव पतसंस्थेचा असेल तर यातलं कलम 14 लागू नाही. तिथे सहकार कायद्याचं कलम 101 आणि नियम 107 चालतो.